औषध आणि त्याचे सोबती

वैद्यकाचा इतिहास म्हणून जे ग्रंथ आपल्या वाचनांत येतात ते बहुधा शोधकांचीं चरित्रें असतात. कोणत्या विद्वानानें कोणत्या सालीं कोणतें द्रव्य हस्तगत केलें, त्यासाठीं त्यानें किती रात्री प्रयोगशाळेंत घालविल्या, आणि अखेर जगानें त्याचा गौरव कसा केला, एवढें सांगून तो इतिहास थांबतो. परंतु बाटलींत असेपर्यंत औषध हें केवळ एक द्रव्य असतें. रोग्यानें तें वेळेवर, योग्य मापानें आणि योग्य सोबतीनें पोटांत घेतलें म्हणजेच त्याला औषधपण येतें. औषध शोधण्याचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. औषध घेण्याचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही तसा एक अल्पसा प्रयत्न करणार आहों. विषय आहे एच्. आय्. व्ही. ह्या विषाणूवरील ‘प्रोटिएज-रोधक’ औषधांचा. हा विषय नाजूक आहे, आणि कित्येक घरांत ह्या रोगाचें नांव उच्चारणेंही अशुभ मानलें जातें, हें आम्ही जाणून आहों. तथापि ज्या गोष्टीचें नांव घेण्यास घर भितें तीच गोष्ट त्या घरांत अधिक अनर्थ करिते. आणि हा अनर्थ कसा होतो, हेंच ह्या इतिहासावरून स्पष्ट होतें.

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या वाटेवर आंजी (मोठी) हें गांव लागतें. कपाशी, तूर आणि सोयाबीन पिकविणाऱ्या मुलखांतील हें एक मोठें खेडें. वैद्यकाच्या दृष्टीनें मात्र त्याला एक विशेष आहे. सेवाग्राम येथें १९६९ सालीं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचें वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. त्याच्या मुळाशीं डॉ. सुशीला नायर यांचा ध्यास आणि कस्तुरबांच्या नांवानें चालणारें तेथील रुग्णालय हीं होतीं. ह्या महाविद्यालयाच्या सामुदायिक वैद्यक विभागाचें कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आंजी येथें आहे. शहरांतील रुग्णालयांत रोगी खाटेवर असतो आणि परिचारिका त्याच्या हातावर गोळी ठेविते. खेड्यांत रोगी घरीं असतो, शेतावर असतो, लग्नाच्या वऱ्हाडांत असतो, आणि गोळी त्याची त्यालाच आठवणीनें घ्यावी लागते. हा भेद भावी डॉक्टरांनीं गांवांतच पाहावा, हें अशा केंद्रांचें प्रयोजन होय. औषध घेण्याचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा आहे त्यानेंही आरंभ आंजीसारख्या गांवापासूनच करावा हें बरें. शिवाय आम्हांस जो धडा सांगावयाचा आहे तो वर्धा जिल्ह्यानें पूर्वीं एकदां, दुसऱ्याच एका रोगाच्या निमित्तानें, चांगला गिरविलेला आहे.

तो रोग म्हणजे कुष्ठरोग. १९३६ सालीं विनोबांच्या प्रेरणेनें मनोहरजी दिवाण यांनीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें महारोगी सेवा मंडळाचें कार्य सुरू केलें. पुढें परचुरेशास्त्री नांवाचे संस्कृतज्ञ विद्वान हा रोग अंगावर घेऊन सेवाग्रामच्या आश्रमांत आले, आणि गांधीजींनीं स्वतःच्या हातांनीं त्यांची शुश्रूषा केली. त्या काळीं रोगावर खात्रीचें औषध नव्हतें. म्हणून स्पर्श हेंच मोठें औषध होतें असें म्हटलें तरी चालेल. मग सल्फोन जातीचें डॅप्सोन हें औषध आलें. १९५१ सालीं गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान वर्धा येथें स्थापन झालें, आणि घरोघर पाहणी, लोकशिक्षण व उपचार अशा तीन अंगांनीं काम करण्याची पद्धति त्यानें घालून दिली. डॅप्सोन स्वस्त होतें, तोंडानें घेतां येत होतें, आणि रोग्याला घर सोडून कोठें जाण्याचें कारण उरलें नव्हतें. रोगाचा अंत आतां समीप आला, असें पुष्कळांस वाटूं लागलें.

परंतु ह्या औषधाला दोन उणिवा होत्या. एक तर तें वर्षानुवर्षें घ्यावें लागे. अंगावरचे चट्टे फिके पडले कीं रोग्याला आपण बरे झालों असें वाटे आणि गोळ्या सुटत. दुसरी उणीव अधिक खोल होती. तें औषध एकटें दिलें जात होतें. लक्षावधि जंतूंपैकीं जे थोडे जन्मतःच त्या औषधाला दाद देत नाहींत ते मागें उरतात, वाढतात, आणि कांहीं वर्षांनीं तेंच औषध त्याच रोग्याच्या शरीरांत निष्फळ होतें. डॅप्सोनला न जुमानणारे जंतु १९६४ सालीं मलायांतील रोग्यांत सप्रमाण दाखविले गेले. पुढें अनेक देशांतून तशीच वार्ता आली. तेव्हां १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासमंडळानें रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन हीं औषधें संगतीनें द्यावीं असें ठरविलें. भारतांत ही बहुऔषधपद्धति ज्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत वर्धा अग्रभागीं होता. ह्या जिल्ह्यानें शिकलेला धडा असा कीं, औषधाला एकटें पाठवूं नये, आणि धाडल्यावर त्याला अर्ध्या वाटेंत सोडूं नये.

क्षयरोगाचा अनुभवही ह्याहून निराळा नव्हता. १९४० नंतरच्या दशकांत स्ट्रेप्टोमायसिन एकटें दिल्यानें रोगी कांहीं महिने सुधारले आणि पुन्हां ढासळले. दुसरें औषध जोडीला आलें तेव्हां कोठें तो उपचार टिकाऊ झाला. इतकें असूनही नवा रोग आला म्हणजे मनुष्यजात जुना धडा विसरते. १९८१ सालीं अमेरिकेंत एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले. १९८३ सालीं पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत त्याचा विषाणु वेगळा करण्यांत आला. १९८६ सालीं चेन्नई येथें, डॉ. सुनीति सॉलोमन यांच्या देखरेखीखालीं झालेल्या तपासणींत, भारतांतील ह्या विषाणूचा पहिला पुरावा मिळाला. १९८७ सालीं झिडोव्हुडीन हें पहिलें औषध अमेरिकेंत मान्य झालें. आरंभीं तें दर चार तासांनीं, मध्यरात्रींही उठून, घ्यावें लागे. रोगी घड्याळाचा गजर लावून निजत. आणि तें एकटेंच दिलें जात होतें! परिणाम व्हावयाचा तोच झाला: कांहीं महिने गुण, आणि मग पूर्ववत् स्थिति.

ह्या विषाणूच्या बाबतींत एकटें औषध इतक्या लौकर कां थकतें, हें समजून घेतलें पाहिजे. उपचार न घेणाऱ्या रोग्याच्या शरीरांत रोज सुमारें एक हजार कोटि नवे विषाणु उत्पन्न होतात, असा हिशेब १९९६ सालीं शास्त्रज्ञांनीं मांडला. नक्कल करणारा लेखनिक घाईंत असला म्हणजे चुका करितो. त्याप्रमाणें ह्या प्रचंड उत्पत्तींत प्रत्येक नकलेंत कांहीं ना कांहीं फरक होत असतो. त्यांतला एखादा फरक औषधाला हुलकावणी देणारा निघाला कीं त्याचाच वंश वाढतो. एका औषधाला हुलकावणी देणारा फरक सहज निपजतो. तीन निरनिराळ्या औषधांना एकाच वेळीं चकविणारा फरक निपजणें जवळजवळ अशक्य होय. म्हणजे औषधांची संख्या वाढविण्यांत उधळेपणा नसून गणित आहे.

ह्या गणिताला पूर्णता आणणारें जें औषधकुल आलें तेंच प्रोटिएज-रोधकांचें. विषाणु आपलीं प्रथिनें सुटींसुटीं बनवीत नाहीं. खादीच्या अखंड ठाणासारखी एक लांब साखळी तो विणतो, आणि प्रोटिएज नांवाचें त्याचें विकर कात्रीप्रमाणें ती साखळी नेमक्या जागीं कापून वापरण्याजोगे तुकडे पाडतें. कात्रीच्या पात्यांत कांहीं अडकवून ठेवलें तर ठाण तसेंच राहील, आणि त्याचा सदरा होणार नाहीं. प्रोटिएज-रोधक नेमकें हेंच करितात. विषाणूचे कण बाहेर पडतात खरे, पण ते अपक्व असतात व नव्या पेशीला बाधा करूं शकत नाहींत. ह्या कात्रीची घडण १९८९ सालीं स्फटिकांच्या अभ्यासावरून उलगडली, आणि तिच्यांत नेमकें बसेल असें द्रव्य घडविण्याचें काम सुरू झालें. १९९५ च्या डिसेंबरांत साक्विनाविर, आणि १९९६ च्या मार्चांत रिटोनाविर व इंडिनाविर हीं औषधें अमेरिकेंत मान्य झालीं. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत व्हँकूव्हर येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत तिहेरी उपचाराचे निष्कर्ष जाहीर झाले. मृत्यूची वाट पाहत बसलेले लोक पुन्हां कामावर जाऊं लागले. १९९६ व १९९७ ह्या दोन वर्षांच्या दरम्यान अमेरिकेंतील ह्या रोगाच्या मृत्यूंचें प्रमाण ४७ टक्क्यांनीं उतरलें.

शोधकांचा इतिहास येथें संपतो. आमचा येथें सुरू होतो. इंडिनाविर दर आठ तासांनीं, रिकाम्या पोटीं, आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावें लागे. दिवसाकाठीं निदान दीड लिटर पाणी न प्यायल्यास त्याचे स्फटिक मूत्रपिंडांत सांचून खड्यांच्या कळा येत. साक्विनाविर पोटांतून रक्तांत फारच थोडें उतरे. जें उतरे तेंही यकृत झपाट्यानें नाहींसें करी. यकृताला शरीराचें जकातनाकें समजावें. तेथें बसलेलें एक विशिष्ट विकर येणाऱ्या कित्येक औषधांना अडवून मोडून टाकतें. रिटोनाविर हें ह्या नाकेदाराला असें गुंतवून ठेवतें कीं त्याच्याबरोबर आलेला दुसरा प्रवासी बिनबोभाट आंत जातो. स्वतः रिटोनाविर पूर्ण मात्रेंत फार त्रासदायक होतें. परंतु अगदीं लहान मात्रेंत दुसऱ्या औषधाच्या सोबतीला दिल्यास त्या औषधाचा जोर कित्येक पट वाढतो, असें दिसून आलें. जो नायक म्हणून आला तो सेवक म्हणून अमर झाला. लोपिनाविर (२०००), अटाझानाविर (२००३) आणि दारुनाविर (२००६) हीं पुढचीं औषधें बहुधा ह्याच सोबत्याच्या आधारानें दिलीं जातात.

ह्या सोबत्यानें एकदां सर्वांना घाबरविलेंही. १९९८ सालीं रिटोनाविरच्या कॅप्सूलांत एक नवा, पूर्वीं न दिसलेला स्फटिक आपोआप बनूं लागला. द्रव्य तेंच, पण तें विरघळेना. कॅप्सूल बाजारांतून मागें घ्याव्या लागल्या, आणि औषध नव्या स्वरूपांत येईपर्यंत रोग्यांना तें अत्यंत कडवट द्रवरूपांत घ्यावें लागलें. लोपिनाविरच्या पहिल्या कॅप्सूलांना थंड पेटी लागे. वर्धा जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हांत जेथें पिण्याचें पाणी गार ठेवण्यास माठाचाच आधार, तेथें असें औषध घेऊन काय करावयाचें? २००५ सालीं उष्णता सोसणारी गोळी आली. दिवसाच्या सहा कॅप्सूलांच्या जागीं चार गोळ्या पुरूं लागल्या, आणि थंड पेटीची अट गेली. विद्वानांच्या ग्रंथांत ह्या घटनेला एखादी ओळ मिळते. आंजीच्या दृष्टीनें पाहिलें तर ती मूळ शोधाहून फारशी लहान नाहीं.

पण आंजीपर्यंत हीं औषधें पोंचलीं कशीं? १९९६ नंतर पश्चिमेकडील देशांत वर्षाच्या तिहेरी उपचाराला दहा ते पंधरा हजार डॉलर पडत. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यांत औषधाच्या कृतीवर हक्क मिळे, खुद्द औषधावर मिळत नसे. म्हणून येथील कारखान्यांना दुसऱ्या कृतीनें तींच औषधें बनवितां आलीं. २००१ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या सिप्ला कंपनीनें, डॉ. यूसुफ हमीद यांच्या पुढाकारानें, तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरांत देऊं केला, आणि साऱ्या जगांत खळबळ उडाली. १ एप्रिल २००४ रोजीं भारत सरकारनें निवडक सरकारी रुग्णालयांतून हा उपचार विनामूल्य देण्यास आरंभ केला, मुंबईचें जे. जे. रुग्णालय त्यांत होतें. ज्यांच्या शरीरांत पहिल्या पंक्तीचीं औषधें निष्फळ झालीं होतीं त्यांच्यासाठीं प्रोटिएज-रोधकांवर आधारलेली दुसरी पंक्ति २००८ सालीं मुंबईस जे. जे. मध्यें आणि चेन्नईजवळ तांबरम येथें प्रथम सुरू झाली. पहिल्या पंक्तींत आतां डोल्युटेग्राविर हें दुसऱ्याच कुळांतील औषध प्रमुख झालें आहे. तथापि ज्याची पहिली फळी फुटली त्याला प्रोटिएज-रोधकांचा आधार अद्यापि मोलाचा आहे, कारण ह्या कुळाला चकविण्यास विषाणूला एका वेळीं अनेक फरक करावे लागतात. दुसरी फळी मिळालेल्या रोग्याच्या पाठीशीं पुढें फारशा फळ्या उरत नाहींत, हेंही ध्यानांत ठेवावें.

आतां हीं औषधें निर्धोकपणें कशीं घ्यावीं, ह्याकडे वळूं. इतिहासानें जो नियम शिकविला तोच येथें निरनिराळ्या रूपांनीं दिसतो: औषध एकटें नसतें. त्याचा पहिला सोबती म्हणजे अन्न. अटाझानाविर व दारुनाविर हीं रिटोनाविरसह जेवणाबरोबर घ्यावींत. रिकाम्या पोटीं तीं रक्तांत पुरेशीं उतरत नाहींत. एकादशीला किंवा रमजानांत उपवास करणाऱ्यानें आपली वेळ डॉक्टरांशीं बोलून ठरवावी. उपवासासाठीं गोळी टाळूं नये. लोपिनाविरच्या गोळ्या जेवणाबरोबर किंवा जेवणाशिवाय घेतल्या तरी चालतात. परंतु त्या अखंड गिळाव्या, चावून किंवा कुटून घेऊं नयेत.

दुसरा सोबती काल होय. मात्रा दिवसांतून एकदां असो कीं दोनदां, ती रोज त्याच वेळीं घ्यावी. विसरलेली गोळी आठवतांच अन्नाबरोबर घ्यावी. पुढची वेळ अगदीं जवळ आली असेल तर मागची सोडून द्यावी, आणि दोन मात्रा एकदम कधींही घेऊं नयेत. प्रवासाला किंवा लग्नाला निघतांना परतीच्या दिवसाहून कांहीं दिवसांच्या अधिक गोळ्या जवळ असाव्यात. बरें वाटूं लागलें म्हणून, किंवा पोट बिघडलें म्हणून, आपल्या मनानें औषध थांबविणें हा डॅप्सोनच्या काळचा प्रमाद पुन्हां करणें होय. ज्या रोग्याला यकृताच्या ‘ब’ प्रकारच्या काविळीचाही संसर्ग आहे त्याला तर त्यांत आणखी एक धोका आहे; कारण सोबतच्या औषधांपैकीं कांहीं त्या काविळीलाही दाबून धरीत असतात, आणि तीं एकाएकीं बंद केलीं तर ती उसळून येते.

तिसरा सोबती सर्वांत फसवा. तो म्हणजे घरांतील इतर औषधें. वर सांगितलेला नाकेदार गुंतला म्हणजे आपलाच माणूस तेवढा आंत जातो असें नव्हे; त्याच वाटेनें येणारीं इतर औषधेंही न मोडतां आंत शिरतात आणि रक्तांत त्यांचा सांठा वाढतो. अर्धशिशीवर कित्येकजण अर्गोटामिन घेतात; रिटोनाविरबरोबर घेतल्यास तें रक्तवाहिन्या इतक्या आवळून धरतें कीं हातापायांचीं बोटें काळीं पडून कापावीं लागण्याची पाळी येते. चरबी उतरविण्यासाठीं दिलें जाणारें सिम्वास्टॅटिन स्नायूंचा नाश करून मूत्रपिंडांवर आघात करितें. दम्यासाठीं ओढावयाच्या कांहीं स्टिरॉइड औषधांनीं, आणि गुडघ्यांत टोंचावयाच्या ट्रायॅम्सिनोलोननें, तोंडावर सूज येते व शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनविण्याची शक्ति खचते. झोंपेच्या कांहीं गोळ्या श्वास मंद करितात. संततिनियमनाच्या गोळ्यांचा प्रभाव मात्र उलट कमी होऊं शकतो, म्हणून दुसरा उपाय विचारून घ्यावा.

कांहीं औषधें ह्याच्या नेमकें उलट वागतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन, म्हणजे कुष्ठरोगाच्या त्रिकुटांतला तोच आपला जुना मित्र, नाकेदारांची संख्याच वाढवितें. मग प्रोटिएज-रोधक रक्तांत नांवापुरतें उरतें आणि विषाणूला मोकळें रान मिळतें. आपल्या देशांत क्षय हा एच्. आय्. व्ही. बाधितांना होणारा अगदीं नेहमींचा रोग असल्यामुळें ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. अशा वेळीं डॉक्टर बहुधा रिफाम्पिसिनऐवजीं रिफाब्युटिन, तेंही बेतानें कमी केलेल्या मात्रेंत, योजतात. परंतु दोन्ही उपचार दोन ठिकाणीं चालले आहेत हें त्यांना कळलें तरच ना! अटाझानाविरला पोटांतील आम्ल लागतें. म्हणून ओमेप्राझोलसारख्या आम्लपित्ताच्या गोळ्या त्याचा घात करितात, आणि साधीं आम्लनाशक द्रव्यें घ्यावयाचीं तर मध्यें तासांचें अंतर ठेवावें लागतें. काढे, भस्में, चूर्णें हीं ‘आपलीं’ म्हणून निरुपद्रवी असतात असेंही गृहीत धरूं नये. युरोपांतील सेंट जॉन्स वर्ट नांवाची साधी वनस्पति ह्या औषधांना निष्प्रभ करिते, हें सिद्ध झालें आहे. घेत असलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करून ती डॉक्टरांना दाखवावी, हा एकच नियम सर्वांना पुरेसा आहे.

औषधाच्या स्वतःच्या उपद्रवांविषयीं दोन शब्द. अटाझानाविरनें कित्येकांचे डोळे पिवळे होतात. ही पिवळेपणाची छटा बहुधा यकृताच्या बिघाडाची नसते, तरी ती खरी कावीळ आहे कीं नाहीं ह्याची परीक्षा करून घ्यावी. भिऊन गोळ्या फेकून देऊं नयेत. लोपिनाविरनें जुलाब होतात, आणि रक्तांतील चरबी व साखर वाढूं शकते. दारुनाविरनें अंगावर पुरळ आल्यास सांगावें. सल्फा औषधें पूर्वीं बाधलीं असल्यास आधींच सांगावें. पुरळाबरोबर ताप, फोड किंवा तोंडांत व्रण आल्यास, कुशींत तीव्र कळा आल्यास, भोवळ येऊन शुद्ध हरपल्यास, विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. ठरलेल्या काळीं रक्तांतील विषाणूंचें प्रमाण, यकृत, मूत्रपिंड, साखर व चरबी यांच्या तपासण्या होतात. त्या चुकवूं नयेत. औषध काम करीत आहे कीं नाहीं हें अंगाच्या बरेपणावरून कळत नाहीं, तें तपासणीवरूनच कळतें.

ह्या साऱ्या नियमांत अवघड असा एकही नाहीं. मग ते मोडतात कां? येथें चौथा सोबती पुढें येतो, आणि तो म्हणजे माणूस. आमचे वाचक एक क्षणभर अशी कल्पना करोत कीं एका मोठ्या कुटुंबांतील एक सून हीं औषधें घेत आहे आणि घरांत पतीवांचून कोणाला तें ठाऊक नाहीं. जेवण सासूबाईंसमवेत, म्हणून गोळी जेवणाबरोबर घेतां येत नाहीं. डबीवरचें नांव खरडून गोळ्या कागदाच्या पुडींत बांधलेल्या. त्या कोणत्या, हें पुढें तिलाही सांगतां येत नाहीं. डोकें दुखतें म्हणून दीर मायेनें बाजारांतून अर्धशिशीची गोळी आणून देतो; ‘नको’ म्हणावें तर कारण विचारलें जाईल. खोकल्यासाठीं ती दुसऱ्या गांवच्या डॉक्टरकडे जाते आणि तेथें आपलें औषध लपविते. पाहुणे आले कीं महिन्याची केंद्रावरची फेरी चुकते. ह्यांत कोणीही दुष्ट नाहीं. सर्वजण प्रेमळ आहेत. आणि त्या प्रेमळ घरांत एक स्त्री हळूहळू धोक्याकडे चालली आहे. वर वर्णिलेला प्रत्येक रासायनिक अपघात येथें घडूं शकतो, आणि त्याचें कारण रसायनांत नसून मौनांत आहे.

मौन सोडण्यास कायद्यानें आपल्या परीनें हात दिला आहे. २०१७ चा एच्. आय्. व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. त्यानें नोकरी, शिक्षण, उपचार व निवास ह्या बाबतींत भेदभाव करण्यास मनाई केली, आणि रोग्याच्या संमतीवांचून त्याची स्थिति उघड करण्यावर निर्बंध घातला. म्हणजे कोणाला सांगावें हा अधिकार रोग्याचा आहे. तो कोणी हिसकावून घेऊं नये. विज्ञानानेंही भीतीचें मूळ उपटलें आहे. जोडीदारांपैकीं एकच बाधित आहे अशा १७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एक मोठा अभ्यास झाला. पुणें व चेन्नई येथील जोडपीं त्यांत होतीं. २०११ सालीं त्याचे पहिले निष्कर्ष आले: बाधितानें लौकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनीं घटला. पुढील अभ्यासांवरून असेंही निश्चित झालें कीं, नेमानें औषध घेऊन ज्याच्या रक्तांतील विषाणु तपासणींत न सांपडण्याइतके दबलेले राहतात, त्याच्यापासून समागमानें हा रोग जोडीदाराला होत नाहीं. एका ताटांत जेवल्यानें, कपडे एकत्र धुतल्यानें किंवा मूल कडेवर घेतल्यानें तर तो कधींच होत नव्हता. म्हणून जें घर गोळीला जागा देतें तें दया करीत नसून स्वतःचेंही रक्षण करीत असतें.

दत्तपूर आणि सेवाग्राम येथें १९३६ नंतरच्या वर्षांत औषध नव्हतें, तेव्हां माणसांनीं रोग्याच्या जखमेवर हात ठेवला. आज औषध आहे, तें विनामूल्य आहे, आणि जखम बहुधा दिसतही नाहीं; म्हणून सेवेचें रूप पालटलें पाहिजे. जेवणाच्या वेळीं ‘गोळी घेतलीस का’ एवढें विचारणारें कोणी घरांत असणें, दुसऱ्यानें दिलेली गोळी कां नको हें सांगावयास न लागणें, केंद्रावर जाण्याच्या दिवशीं शेतावरची पाळी दुसऱ्यानें उचलणें, आणि एखाद्यानें आपली गोष्ट विश्वासानें सांगितली तर ती आपल्यापाशींच ठेवणें, हें आतांचें सेवेचें काम आहे. तें लहान दिसतें. परंतु जें द्रव्य घडविण्यास दोन खंडांतील प्रयोगशाळा झिजल्या आणि जें स्वस्त करण्यासाठीं मुंबईच्या कारखान्यांनीं जगाशीं भांडण मांडलें, तें शेवटचा हातभर प्रवास, ताटापासून तोंडापर्यंतचा, ह्याच कामाच्या बळावर करितें. आंजी येथें शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांनीं यकृतांतील विकराचें नांव पाठ करावेंच; त्याबरोबर रोग्याच्या घरीं जेवणाला कोण कोण बसतें हेंही विचारावें. दोन्ही गोष्टी एकाच उपचाराचे भाग आहेत, असें आमचें नम्र मत आहे.